डॉर्कस पिलबीमचं फाटक

डॉर्कस पिलबीम उभ्या आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढली, आणि तेवढ्यात तिने आमच्या गावाची बाग घालवली. असं गाव म्हणतं. गावाच्या बापाचं काय जातंय म्हणायला! त्या दिवशी कोर्टात आमच्याच गावची चाळीस माणसं कान टवकारून बसली होती. त्यातल्या एकाच्याही डोक्यात वेळेवर उजेड पडला नाही, हे मात्र कोणी बोलत नाही. एका म्हातारीच्या माथी खापर फोडलं की बाकीचे मोकळे. म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगायची.

गाव विदीफर्ड, थेम्सच्या काठी. गावाला एक पब, ‘सिल्व्हर ईल’. दारावरच्या पाटीवर चंदेरी वाम मासळी वेटोळं घालून बसलेली, म्हणून आम्ही सगळे त्याला नुसतं ‘वाम’ म्हणायचो. पब रस्त्यावर. पबच्या कडेला मोठं लोखंडी फाटक, फाटकातून आत गेलं की बाग, आणि बाग उतरत उतरत थेट नदीला भिडते. खाली नावेचा धक्का आणि पलीकडच्या काठावर चर्च आणि दफनभूमी. म्हणजे आमच्या गावाला देवाकडे जायचं तेही पबच्या बागेतून. तिथून गेलं तर दहा मिनिटं. नाहीतर रस्त्याने वर पुलापर्यंत जा, पूल ओलांडा आणि पलीकडच्या काठाने परत खाली या. अडीच मैल.

डॉर्कस अकरा वर्षांची असताना वाममध्ये पेले विसळायला आली. सन सत्तेचाळीस. तेव्हा त्या बागेचा थाट काय होता म्हणून सांगू! उन्हाळ्यात लंडनहून आगबोटी भरभरून माणसं यायची. कारकून, दुकानातल्या पोरी, टोप्या शिवणाऱ्या बायका, खलाशी. वेलींच्या मांडवाखाली बसून चहा, पाव आणि कोळंबी हाणायची. हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचे, झोक्यावर बसून किंचाळायचं, आणि लाकडी चौथऱ्यावर बँडच्या तालावर बूट झिजेपर्यंत नाचायचं. एकदा मालकाने माणूस बसून वर जाईल असा गॅसचा फुगा आणला. फुगेवाला टोपी हलवत वर गेला आणि अर्ध्या तासात शेजारच्या सलगमच्या शेतात डोक्यावर पडला. शेतवाल्याने त्याला धरून चोपला. लोक म्हणाले, एवढी मजा वर जाण्यातही नव्हती.

मालक जोसाया ट्रिमर. पोट पिंपासारखं, आवाज गोड आणि डोळे थंड. त्याच्या बागेचा माळी एबेल पिलबीम. मितभाषी, मोठ्या हाताचा गडी. फाटकापासून धक्क्यापर्यंत चेस्टनटची दुहेरी रांग त्यानेच लावली. डॉर्कसला तो आवडायचा, कारण तो काही मागायचा नाही. अठ्ठावन्न साली त्यांचं लग्न झालं, आणि ट्रिमरने फाटकालगतचं दोन खोल्यांचं घर त्यांना दिलं. “एबेल बागेत, तू फाटकावर,” तो डॉर्कसला म्हणाला आणि वीतभर लांबीची किल्ली तिच्या हातात ठेवली. पेले विसळणारी पोर ती. कोणी काही विश्वासाने हातात देण्याची तिची ती पहिलीच वेळ. त्या किल्लीने ती बाई आयुष्यभरासाठी बांधली गेली.

फाटक सदा सताड उघडं असायचं. लोक येत, लोक जात. डॉर्कसने सांभाळायच्या त्या फक्त दोन आज्ञा. पहिली ट्रिमरने पुढच्या वसंतात दिली, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी.

“उद्या प्रभूने प्राण सोडला तो दिवस. त्या दिवशी लोकांनी माझ्या बागेत झोके घ्यावेत हे मला नाही खपायचं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत कुलूप. कोणी आलं तर परत पाठवायचं. कोणीही.”

“चर्चला जाणाऱ्यांचं काय, मालक?”

“जाऊ देत पुलावरून. तेवढंच पुण्य लागेल त्यांना.” मग दाराकडे बघत म्हणाला, “लिहिता येतं का गं तुला?”

“नाही, मालक.”

“मग घराच्या दाराला आतून चाकूने एक खाच कर. दर गुड फ्रायडेला एक. प्रभूला हिशेबी माणसं आवडतात.”

पबचं पुढचं दार मात्र त्या दिवशीही उघडंच असायचं. प्रभूच्या दुःखात बिअर चालत होती, झोका चालत नव्हता. पण ट्रिमरला तोंडावर कोण विचारणार? गावाला उलट कौतुक. गुत्तेवाला असून कसा देवभीरू माणूस, म्हणायचे.

दुसरी आज्ञा मयताची. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं की जिथून मयत जातं ती वाट गावाची होते. एकदा का शवपेटी एखाद्याच्या शेतातून नेली की मग त्याच्या नातवंडांनासुद्धा ती वाट अडवता येत नाही. तेव्हा ट्रिमरने सांगून ठेवलं होतं, माणूस कितीही मोठा असो, मेला की माझ्या फाटकातून जायचा नाही. जिवंतपणी शंभरदा जावा. म्हणून आमच्या गावची मयतं अडीच मैलांचा फेरा घेऊनच पलीकडे पोचायची. कोणी कुरकुरायचं नाही, कारण मालकाच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, असं प्रत्येकाला वाटायचं.

एकदाच कोणी हट्ट धरला. गिरणीवाला ओरम. एकोणसत्तरच्या पावसाळी मार्चमध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली. रस्ता चिखलाने गुडघाभर. ओरम पेटी घेऊन सरळ फाटकाशी आला. पुढचा खांदा त्याच्या थोरल्या मुलाचा, एमसचा. वीस वर्षांचा दांडगा पोरगा, रडून डोळे सुजलेले.

“जाऊ दे, डॉर्कस,” ओरम म्हणाला. “कोणाला कळायचं नाही.”

“मला कळेल,” डॉर्कस म्हणाली आणि तिने फाटकाची दोन्ही दारं त्यांच्या तोंडावर ओढून घेतली. एमस तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग सगळे वळले आणि रस्त्याने वर गेले. डॉर्कसने त्या दिवशी जेवण केलं नाही, पण आपण चुकलो असं तिला वाटलं नाही. हुकूम म्हणजे हुकूम, आणि तो ओरमला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा असेल तर त्याला हुकूम कशाला म्हणायचं?

दुसऱ्याच वर्षी नोव्हेंबरात घटसर्पाची साथ आली. डॉर्कसला एकच मूल होतं, लेटी. सहा वर्षांची. बापासारखी अबोल, दिवसभर त्याच्या मागे खुरपं घेऊन फिरायची. सोमवारी घसा धरला आणि गुरुवारी गेली.

एबेलने स्वतःच्या हाताने पेटी केली, बागेतल्या मोडक्या बाकाच्या फळ्यांची. शनिवारी सकाळी ती खांद्यावर घेऊन तो घराबाहेर आला. एकट्याला पेलेल एवढीशीच होती ती. घर फाटकाला लागून. समोर चेस्टनटची रांग, रांगेच्या टोकाला धक्का, धक्क्याला नाव बांधलेली, आणि नावेच्या पलीकडे चर्चचा मनोरा. सगळं दिसत होतं. आणि फाटक बंद होतं. डॉर्कसने पहाटेच उठून लावलं होतं.

“फाटक उघड,” एबेल म्हणाला.

“मालक...”

“मालकाला मी बघतो. फाटक उघड, डॉर्कस.”

“ओरमच्या बायकोला मी इथून परत पाठवलंय,” ती म्हणाली. “पोरांसकट. त्या दिवशी हुकूम होता आणि आज माझी पोर आहे म्हणून हुकूम नाही? कोणत्या तोंडाने उघडू? गावात कोणाच्या नजरेला नजर देऊ मी?”

“तुला गावाचं पडलंय?”

 किल्ली तिच्या ॲप्रनच्या खिशात होती आणि हात किल्लीवर होता. एबेलने त्या हाताकडे पाहिलं. मग रस्त्याला वळला. ती मागून चालत गेली. मैलाच्या दगडापाशी त्याने पेटी टेकवली आणि खांदा चोळला. तिने पेटी धरायला हात पुढे केला, तेव्हा त्याने पेटी उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्या संध्याकाळी तो एकच वाक्य बोलला. “फाटक तुझ्या हातात होतं.” ना शिवी, ना आरडाओरडा. त्यानंतर चौदा वर्षं तो तिच्या शेजारी जेवला, झोपला, तिला लाकडं फोडून दिली, चहा चांगला झालाय म्हणाला. फक्त एक. आठवडाभर तो त्या बागेत राबायचा, पण रविवारी चर्चला जाताना बागेतून जायचा नाही. भर पावसात पुलावरून अडीच मैल चालत जायचा. डॉर्कस बागेतून, नावेने. चर्चच्या दारात दोघं भेटायची. एखाद्याने रोज मारलं असतं तरी बरं म्हणावं अशी ती शिक्षा, आणि तिने ती मुकाट्याने सोसली. चौऱ्याऐंशीत तोही गेला. त्याचीही पेटी रस्त्यानेच गेली, हे वेगळं सांगायला नको.

तोवर बागेचे दिवस फिरले होते. आधी पाद्र्याने आणि बड्या लोकांनी तक्रारी करून बँड आणि नाच बंद पाडला, परवानाच मिळेना. मग आगगाडी आली, नदीवरच्या आगबोटी संपल्या, आणि लंडनची माणसं समुद्रावर जायला लागली. नाचाचा चौथरा कुजला. एकेक झोका पडला. पण गंमत बघा, लंडनवाल्यांनी टाकलेली बाग गावाने उचलली. म्हातारे हिरवळीवर गोळे घरंगळवत बसायचे, बायका कुंपणावर कपडे वाळत घालायच्या, आणि प्रेमात पडलेली पोरंपोरी एबेलच्या चेस्टनटखाली हातात हात घालून फिरायची. रविवारी अख्खं गाव त्या रांगेतून धक्क्यावर जायचं. ट्रिमर कधीच वर गेला होता, त्याच्या पुतण्याने पब एका बिअरच्या कंपनीला विकला होता, पण फाटकावर डॉर्कस होतीच. दर गुड फ्रायडेला कुलूप, दाराला खाच, संध्याकाळी कुलूप काढायचं. तिला कोणी तसं कर म्हणून सांगितलं नाही, आणि नको करूस म्हणूनही नाही.

त्र्याण्णव साली कंपनीने पाटी लावली. बागेत अकरा बंगले होणार होते, लंडनच्या साहेबलोकांसाठी, नदीकडे तोंड करून. रस्त्याच्या बाजूने उंच भिंत. चेस्टनट तोडायचे, डॉर्कसचं घर पाडायचं आणि धक्का बंगलेवाल्यांपुरता ठेवायचा.

गाव पेटलं. पुढे झाला हॅडलो मास्तर, शाळेतला. तडफदार माणूस, पण गावात येऊन नऊच वर्षं झालेली. तो आमच्या चर्चचाही नव्हता. त्याच्या पंथाचं प्रार्थनाघर दोन गावं सोडून होतं आणि सगळे सणवार तो तिथेच करायचा. त्याने वकील गाठला, आणि वकिलाने सांगितलं, चाळीस-पन्नास वर्षं गाव त्या वाटेने बिनदिक्कत येतं-जातं हे सिद्ध करा, म्हणजे वाट गावाची आणि काठावरची हिरवळही गावाची. मग कंपनीच्या बापाला भिंत घालता यायची नाही.

झालं. अकरा साक्षीदार उभे राहिले. मास्तर सगळ्यांना बजावत होता, फाटक सदा उघडं असायचं एवढंच सांगा. लोकांनी त्यात आपला मीठमसाला घातला. आणि सगळ्यात मोठी साक्षीदार म्हणजे डॉर्कस. छत्तीस वर्षं फाटकावर बसलेली बाई.

“मला जमेल का, मास्तर?” तिने विचारलं.

“न जमायला काय झालं, पिलबीमबाई? विचारतील तेवढं खरं-खरं सांगायचं.”

“सगळं?”

“विचारतील तेवढं.”

ती बाग वाचावी असं तिच्याइतकं गावात दुसऱ्या कोणाला वाटत नव्हतं. एबेलचं म्हणून तिच्याकडे उरलं होतं ते झाडांच्या रूपात, आणि लेटीने खुरप्याने लावलेलं एक नासपतीचं झाड हिरवळीच्या कोपऱ्यात होतं, त्याला अजून फळं यायची. पुढच्या वर्षी, कोर्टाच्या दिवशी, नेल टॅपसेलने तिला स्वतःची काळी टोपी घातली. नेल म्हणजे वामच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं वाम माशाचं कालवण रांधणारी, जिभेची तिखट बाई, डॉर्कसची एकुलती एक मैत्रीण.

“नीट उभी राहा,” नेल म्हणाली. “आणि तो समोरचा वकील काही बोलला तर रडू नकोस मेले.”

“मी कधी रडलेय?” डॉर्कस म्हणाली. ते खरंच होतं.

आमच्या वकिलाने तिला चारच प्रश्न विचारले. लोक येत-जात होते? होते. परवानगी मागायचे? परवानगी कसली, फाटक उघडंच असायचं. तुम्ही कोणाला नाव-गाव विचारायचात? नाही बाई. किती वर्षं? छत्तीस. वकील खूश होऊन बसला. मास्तराने आमच्याकडे बघून मान डोलावली.

मग कंपनीचा वकील उठला. बारीक चष्मा, बोलणं साखरेत घोळलेलं.

“बाई, तुम्हाला फाटकावर नेमलं होतं ना?”

“हो साहेब.”

“राहायला घर, वर पगार?”

“हो साहेब.”

“कशासाठी?”

“फाटकासाठी.”

“आणि फाटक तर सदा उघडं!” तो हसला. “मग काम काय होतं तुमचं? नाही, मी आपलं तुमच्याच गावकऱ्यांनी सांगितलेलं वाचतो.” त्याने कागद उचलला. “एक म्हणतो, म्हातारी असून नसून सारखी. दुसरा म्हणतो, ती बसल्या जागी डुलक्या काढायची. आणि तुमचे हे जोब शिंपी शपथेवर म्हणतात की त्या फाटकाला कुलूप आहे हेच त्यांना ठाऊक नाही.”

डॉर्कसने वळून बाकांकडे पाहिलं. चाळीस तोंडं. जोब शिंपी बुटाकडे बघत होता. तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

“जोब असं म्हणाला?”

“शपथेवर, बाई. थोडक्यात, छत्तीस वर्षं फुकटचं खाल्लंत. त्यात लाजायचं काय? वय होतं माणसाचं.”

“फुकटचं?” आमचा वकील काहीतरी म्हणायला उठला, पण आता तिला ऐकू येत नव्हतं. “फुकटचं खाल्लं मी? दर गुड फ्रायडेला उजाडल्यापासून मावळेपर्यंत या हाताने कुलूप घातलंय! छत्तीस वर्षांत एक चुकला नाही. नवरा अंथरुणाला खिळला होता त्या वर्षीसुद्धा नाही. माझ्या दाराला आतून खाचा आहेत, जा, मोजा जाऊन!”



“आणि लोक यायचे त्या दिवशी?” वकिलाने अगदी हळू विचारलं.

“यायचे ना! आणि मी परत पाठवायची. हा जोब, कुलूप ठाऊक नाही म्हणतो, ह्याला तर मी दर वर्षी परत पाठवलाय! दर वर्षी विसरतो मेला आणि दर वर्षी फाटकावर येऊन आपटतो!”

लोक हसले. अहो, हसले! आपली बाग चालली होती आणि आपलीच माणसं फिदीफिदी हसत होती. वकील हसला नाही.

“आणि ते मुकाट्याने परत जायचे?”

“मुकाट्याने! न जाऊन सांगतात कोणाला? मालकाची बाग ती. मालकाचा हुकूम.”

“धन्यवाद, बाई,” वकील म्हणाला आणि खाली बसला.

पण तिचं संपलं नव्हतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारलं होतं तिला. “आणि मयत!” ती म्हणाली. “एक मयत त्या फाटकातून गेलं नाही माझ्या वेळेला. ओरमच्या बायकोचं नाही. माझी सहा वर्षांची पोर गेली, तिची पेटी नवऱ्याच्या खांद्यावर होती आणि किल्ली माझ्या खिशात होती, तरी नाही. झोपले होते का मी? सांगा ना, झोपले होते?”

जज्जसाहेब म्हातारे होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली. “का बरं जाऊ दिलं नाहीत, बाई?”

“मयत गेलं की वाट गावाची होते ना, साहेब.”

जज्जाने दोन्ही वकिलांकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या. “कायद्यात असं काही नाही,” जज्ज म्हणाले. निष्ठुरपणे नाही, समजावून सांगावं तसं. “ती आपली लोकांची समजूत. शवपेटी कुठूनही न्या, त्याने वाट कोणाची होत नाही.”

“नाही होत?”

“नाही.”

“तेव्हा पण नव्हती होत? सत्तर साली?”

“कधीच नव्हती, बाई.”

कठड्याला धरून ती उभीच राहिली. शेवटी कोर्टाच्या शिपायाने दंडाला धरून तिला खाली उतरवलं.

बाहेर अंगणात मास्तर तिच्यावर धावूनच गेला. “गुड फ्रायडेचं मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक आहे ते.”

“मला नव्हतं ना ठाऊक!” त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. “अहो, वर्षातून एक दिवस जरी मालकाने वाट अडवली आणि लोक गप परत फिरले, की उरलेले सगळे दिवस ती त्याची मेहेरबानी ठरते. कायदाच आहे तसा. म्हणून तर तो ट्रिमर तुमच्याकडून ते करून घेत होता! खाचा कशाला मारायला लावल्या त्याने? त्यांच्याकडे पुरावा नव्हता हो, एवढासा नव्हता. ट्रिमर मेला, पुतण्या परदेशात. जगात तो पुरावा म्हणजे एकट्या तुम्ही होतात.”

“मालक म्हणाले, प्रभूसाठी,” डॉर्कस म्हणाली.

“प्रभूसाठी!” मास्तर म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा कारकून तिच्या दारामागच्या खाचा मोजून गेला. छत्तीस भरल्या. निकाल लागला.

मग गावाने आपला न्याय केला. पाववाला तिला पाव द्यायचा, पण बोलायचा नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. तिने आपल्याला विकलं, असंही कोणी म्हणालं. जोब शिंपी सगळ्यात मोठ्याने बोलायचा. एकटी नेल यायची, आणि तीही चिडलेली.

“तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला? फुकटखाऊ म्हणाला तर म्हणू द्यायचं!”

“तू दिलं असतंस म्हणू?”

नेलने चुलीत एक लाकूड सारलं. “मी त्याच्या डोक्यात बाटली घातली असती,” ती म्हणाली.

“मला बाग गेल्याचं वाईट नाही वाटत, नेल. वाटतं, पण ते नाही.” डॉर्कस चुलीकडे बघत म्हणाली. “त्यात काहीच नव्हतं. उघडलं असतं तर काहीसुद्धा झालं नसतं. दहा मिनिटांत पोचली असती माझी पोर.” मग ती रडली, आणि नेलला काय करावं ते सुचेना, कारण तिने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात, भिंत अजून उभी राहायची होती आणि फाटक अजून उघडंच होतं तरी डॉर्कस रविवारी बागेतून गेली नाही. एबेलसारखी पुलावरून जायची. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे धरलेले, बर्फात अडीच मैल. फेब्रुवारीत कंपनीचा माणूस आला. वसंतापर्यंत घरात राहा म्हणाला. तुमच्या प्रामाणिकपणाची कंपनीला कदर आहे म्हणाला. आणि तिचा खोकला ऐकून, चांगुलपणाच दाखवायला बिचारा, पुढे म्हणाला, “उद्या काही बरंवाईट झालंच, तर तुमचं मयत खुशाल बागेतून नेऊ देत. कंपनीची हरकत नाही. जज्जसाहेबांनी सांगितलंच आहे, कायद्याने त्याला काही अर्थ नाही.”

डॉर्कसने त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या चार दिवस आधी, खोकल्यानेच ती गेली. जाताना नेलचा हात धरून एकच सांगितलं, “मला रस्त्याने न्या.”

खांदा द्यायला कोण येणार म्हणून नेल गावभर शिव्या घालत फिरली. पण सकाळी चौघं आले. नावाडी, हॅडलो मास्तर आणि जोब शिंपी, कोणाकडे न बघणारा. चौथा एमस ओरम, आता शेहेचाळीस वर्षांचा, गिरणीचा मालक. न विचारता त्याने पुढचा खांदा घेतला.

पेटी घराबाहेर आली. कंपनीचा माणूस फाटकाशी उभाच होता, दोन्ही दारं सताड उघडून, टोपी हातात घेऊन. आतमध्ये चेस्टनटला पालवी फुटली होती, आणि धक्क्याला नाव बांधलेली दिसत होती.

“इकडून, इकडून,” तो म्हणाला. “फाटक उघडं आहे.”

“दिसतंय,” एमस म्हणाला.

“मग?”

“आमच्या आईला रस्त्याने नेली होती,” एमस म्हणाला. “हिच्या पोरीलाही.”

आणि ते फाटकावरून पुढे गेले. मागून नेल, तिच्यामागे दहा-बारा माणसं. रस्त्याला चिखल होता. मैलाच्या दगडापाशी त्यांनी पेटी टेकवली, खांदे बदलले आणि पुलाकडे चालू लागले.